मनकर्णेचा जहरमोहरा

डोंगरकडा गावच्या मनकर्णेशी बोलण्यात कोणी जिंकल्याचं तिथं कोणाला आठवत नव्हतं. आखाडा बाळापूरच्या बाजारातला कासार तिला लांबून येताना पाहिलं की चांगल्या बांगड्यांची पेटी आपणहून उघडायचा. शेजारच्या शालूबाईशी तिचं भांडण कुंपणावरून सुरू झालं होतं. पुढे ते कुंपण वाळवीनं खाल्लं, पण भांडण मात्र दोघींनी नीट राखलं.

अशा या मनकर्णेची जीभ एकाच माणसापुढे टाळूला चिकटायची. ते म्हणजे तिचे सासरे किसनराव. त्यात धाकाचा भाग नव्हता, घरची रीतच तशी होती. सुनेनं सासऱ्याशी आणि सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्या तोंडून जायचे. त्या वारल्या, मनकर्णेच्या दोन्ही लेकी नांदायला गेल्या, नवरा तातेराव दिवसभर शेतात. मग राहिली दारातली गाय.

"कपिले, आज भाकरीला उशीर दिसून राहिला," किसनराव ओसरीवरून म्हणत.

"कपिले, पीठ आत्ता दळून झालं म्हणावं," आतून उत्तर येई.

गाय दोघांकडे आळीपाळीनं बघत रवंथ करी. पहिली कपिला म्हातारी होऊन गेली तेव्हा दुसरी आणली. ती चांगली काळीभोर होती, पण तिचंही नाव कपिलाच ठेवलं गेलं. कारण इतक्या वर्षांची सवय मोडायची कोणाचीच तयारी नव्हती.

किसनराव पाच गावांत विंचू उतरवायचे. त्यांच्या आजोबांना कोण्या फकिराकडून जहरमोहरा मिळाला होता, म्हणजे विष ओढून घेणारा दगड. सहाणेवर दुधात उगाळून तो डंखावर लावायचा आणि बोटभर पाजायचा. तीन पिढ्या उगाळून उगाळून तो चिंचोक्याएवढा झाला, मग तुरीच्या डाळीएवढा, आणि दुसरी मोठी लढाई पेटली त्या वर्षी एका विंचवापायी पार संपला. तेव्हापासून म्हातारबुवांचं लक्ष कशात लागेना.

मनकर्णेचं दुखणं मात्र संपत नव्हतं. दहा वर्षं झाली होती. पुरणपोळीवर तूप पडलं की तासाभरात उजव्या बरगडीखाली पिळा बसायचा आणि कळ पाठीतून खांद्यापर्यंत जायची. ओवा झाला, सोडा झाला, लिंबू झालं. कळ थांबली की ती दुप्पट बोलून भरपाई करायची, म्हणून कोणाला ते दुखणं फारसं खरं वाटत नसे.

त्या वर्षीच्या चैतात ते खरं वाटायची पाळी आली. तीन दिवस पोट फुगून नगारा झालं, पाण्याचा घोट टिकेना, खाली वारासुद्धा सरकेना. लेकींना सांगावे गेले. चौथ्या दिवशी पहाटे ती भिंतीला धरत धरत परसाकडं गेली आणि बांधाआड तिच्या पोटातून एक दगड पडला.

दुसरी बाई असती तर किंचाळत घरी आली असती. मनकर्णेनं तो पानात धरून ओढ्यावर नेला आणि राखेनं घासघासून धुतला. बारक्या आवळ्याएवढा, तपकिरी, गुळगुळीत, एका अंगाला चपटा आणि हातात घेतला तर नवल वाटावं इतका हलका. तातेराव आले की त्यांना दाखवू म्हणून तिनं तो अंगणाच्या कोनाड्यात वाळत ठेवला आणि चार दिवसांनी पहिल्यांदा गाढ झोपली.

ती जागी झाली ती सासऱ्यांच्या आवाजानं.

"कपिले, हा कोनाड्यातला दगड कुठं घावला?"

आता काय सांगावं? सासऱ्याला, तेही गाईमार्फत, की तुमच्या सुनेच्या पोटातून अमुक वाटेनं पडला? मनकर्णेनं दाराआडून विचार केला आणि म्हणाली, "कपिले, बांधाकडं घावला म्हणावं." यात खोटं काहीच नव्हतं. फक्त मधला थोडा प्रवास तिनं गाळला होता.

बांधावर मिळालेला, गुळगुळीत, हलका, तपकिरी. किसनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांचा जहरमोहरा परत आला होता. त्याच संध्याकाळी एक गडी विंचू चावून बोंबलत आला, किसनरावांनी दगड उगाळला, आणि सकाळी गडी हसत घरी गेला. विंचवाची कळ बहुतेकांची सकाळपर्यंत आपोआपच उतरते, पण हे विंचू चावलेल्याला सांगून बघा. महिन्याभरात ओसरीवर रांग लागली.

आणि आत मनकर्णेची अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी झाली. सहाण तिनंच धुवायची, दूध तिनंच द्यायचं आणि बाहेर लोक बोटं चाटताना बघायचं. नवऱ्याला सांगावं, तर तातेरावांच्या पोटात गोष्ट टिकत नसे. सकाळी ऐकलेलं ते दुपारी पारावर सांगून यायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ती गप्प राहिली.

एकदाच मूठ उघडते की काय असं झालं. तांड्यावरचा फुलसिंग विकाऊ बैल दाखवायला आला होता. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहिलेलं. त्यानं दगड हुंगला, नखावर घासून पिवळी रेघ पाहिली आणि म्हणाला, "किसनराव, हे तर गोरोचन दिसून राहिलं. जनावराच्या पित्ताच्या पिशवीत असंच निघतं. माझ्या आज्यानं दोन काढले व्हते." किसनरावांना हे अजिबात रुचलं नाही. त्यांनी दगड बटव्यात घातला आणि फुलसिंगला चहाही विचारला नाही. आत चुलीपुढे मनकर्णा मात्र स्वतःच्या बरगडीवर हात ठेवून बसून राहिली. जनावर म्हणाला मेला, पण जागा बरोबर सांगितली.

आषाढात शालूबाईला विंचू चावला. ती रडत ओरडत आली आणि मनकर्णेनं आपल्या हातानं तिला दगड उगाळलेलं दूध काठोकाठ दिलं. शालूबाईनं एकदा घेतलं, मग दुसऱ्यांदा, आणि आता बरं वाटून राहिलं म्हणून तिसऱ्यांदा. त्या दिवशी मनकर्णेला दोन घास जास्त गेले. दुसऱ्या दिवशी तिनं देवापुढे कान धरले, पण फार वेळ नाही.

पण देवानं हिशेब जणू मांडून ठेवला होता. दिवाळीच्या सुमाराला तिला थंडी वाजून ताप येऊ लागला. पंधरा दिवसांनी एकदा, मग आठ दिवसांनी. डोळे पिवळे झाले, जुलाब थांबेनात, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. किसनराव रोज दगड उगाळून उंबऱ्यावर ठेवत आणि ती रोज ती वाटी तुळशीत ओतून टाकी. तुळस झकास वाढली. शेवटी शालूबाईनंच तातेरावांना बांधावर गाठून सांगितलं की बाबा, हिला दवाखान्यात घेऊन जा. काल मी तिला मुद्दाम चार शब्द बोलले, तर उलटून बोलली न्हाई.

हे ऐकल्यावर तातेराव घाबरले. बैलगाडीनं आखाडा बाळापूर, तिथून पेट्रोलअभावी कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं हिंगोली. मोटार चढावर तीनदा थांबली. किसनरावही बटवा कमरेला लावून बरोबर निघाले.

हिंगोलीत छावणीच्या जुन्या बराकीत एक छोटा दवाखाना होता आणि त्यात डॉक्टर गोपीचंद. हैदराबादेत शिकलेले, मराठीत दख्खनी मिसळून बोलणारे, अंगानं बारीक आणि बोटांनी लांब. त्यांनी मनकर्णेचं पोट तपासलं. उजव्या बाजूला डागण्याच्या चार खुणा होत्या. हा इलाज कोणाचा म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा दारातले किसनराव छताचे वासे मोजू लागले.

दवाखान्यात पोटातला फोटो काढायचं एक्स-रेचं यंत्र होतं, पण लढाईपायी फिल्मा मिळत नव्हत्या. एकच उरली होती. ती मनकर्णेवर खर्च झाली. ओली फिल्म खिडकीशी धरून डॉक्टर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी तातेरावांना जवळ बोलावून समजावलं.

काळजाखाली, म्हणजे यकृताखाली, पित्ताची एक पिशवी असते. तिच्यातून आतड्यात एक नळी जाते, बोरूपेक्षा बारीक. त्या भागात हवा असायचं काही काम नाही, आणि या फोटोत तिथं काळ्या रेघा आहेत, म्हणजे हवा आहे. आली कुठून? एक तर काळजात पू झाला आणि त्याचा वायू धरला. तसं असेल तर बाहेरून लांब सुई घालून पू ओढायचा. नाहीतर पिशवीत मोठा खडा होऊन पिशवी आतड्याला चिकटली आणि मधे भोक पडलं. मग आतड्यातली हवा आणि घाण वर जाते, म्हणून हा ताप. तसं असेल तर पोट उघडून भोक शिवलंच पाहिजे. दुसऱ्या दुखण्यात पहिला इलाज केला तर सुईनं घाण पोटभर पसरेल. पहिल्यात दुसरा केला तर एवढी अशक्त बाई टेबलावरून उठायची नाही.

"एक बात बराबर कळली तर माझं काम होईल," डॉक्टर म्हणाले. "हिच्या पोटातून कधी मोठा खडा पडला का? आवळ्याएवढा खडा त्या नळीतून येऊच शकत नाही. तो भोकातूनच येणार."

खाटेवर मनकर्णा हे सगळं ऐकत होती. नर्स बेबीबाई तिच्या कानाशी वाकली आणि हळूच विचारलं. मनकर्णेनं डोळे उघडले. पायथ्याशी तातेराव होते आणि त्यांच्या मागे किसनराव, कमरेला बटवा. पाच गावं ज्या माणसाला रामराम करतात त्याला आता सगळ्यांसमोर सांगायचं की तुम्ही लोकांना काय पाजलंत? तिनं मान हलवली. नाही.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता सुई टोचायची ठरवली.

सकाळी नऊला किसनराव आले. एका हातात सहाण, दुसऱ्या हातात दुधाचा पेला. तातेरावांना त्यांनी कामाला पिटाळलं होतं. खाटेजवळ जमिनीवर बसून त्यांनी बटव्यातून दगड काढला आणि उगाळू लागले. इथं गाय नव्हती, म्हणून ते खाटेच्या लोखंडी पायाशी बोलले.

"म्हणावं, सुईच्या आधी एवढं घे. घरी मी रोज देत व्हतो, पर गुण आला न्हाई. आज जास्त उगाळलंय. सगळा दगड लागला तरी लागू दे."

पेला मनकर्णेच्या तोंडाशी आला. दुधावर पिवळट तपकिरी रेघ तरंगत होती. इथं तुळस नव्हती. तिला शालूबाईचे तीन पेले आठवले आणि तिनं ओठ घट्ट मिटले. केलेलं फेडावं लागतं हे तिला माहीत होतं, पण ते असं पेल्यात घालून समोर येईल असं वाटलं नव्हतं.

"घे म्हणावं," किसनराव खाटेच्या पायाला म्हणाले. "तुझ्यावाचून घर न्हाई ते."

दारातून बेबीबाई सुईचं तबक घेऊन येताना दिसली. मनकर्णेला भीती वाटली, आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. पण सुईपेक्षाही तिला त्या म्हाताऱ्या माणसाचं ते खाटेच्या पायाशी बोलणं सहन होईना. तिनं कोपरावर भार देऊन मान वर केली आणि सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"मामंजी, हे मला पाजू नका. हे माझंच हाये."

किसनरावांना काय बोललं गेलं ते आधी कळलंच नाही. सून आपल्याशी बोलली, एवढंच कळलं.

"बांधाकडं पडला हे खरं," ती म्हणाली, "पर माझ्या पोटातून पडला. चैतात. मला सांगता आलं न्हाई. डॉक्टरला दाखवा."

बेबीबाई तबक घेऊन जागच्या जागी उभी राहिली. तिच्यामागून डॉक्टर आले. किसनरावांची मूठ दगडावर मिटलेली होती. सून तापात बरळली असं म्हणून तो बटव्यात टाकला असता तर कोणी काही विचारलं नसतं. तीन पिढ्यांचा मान त्या मुठीत होता आणि म्हातारबुवांना तो किती प्यारा आहे हे मनकर्णेइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि डॉक्टरांपुढे मूठ उघडली.

"साहेब, हा घ्या तुमचा खडा. माप बराबर येणार न्हाई. थोडा आमी लोकांला पाजला."

"कितने लोगां को?"

"दोनशे-अडीचशे असतील," किसनराव म्हणाले. "मीबी त्यात हाये."

डॉक्टर गोपीचंद स्टुलावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग चष्मा पुसून त्यांनी खडा मापला, बारीक करवतीनं मधोमध कापला, आतले कांद्यासारखे पदर पाहिले आणि सुईचं तबक परत पाठवलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, अडीच तास. क्लोरोफॉर्म देताना मनकर्णेनं बेबीबाईला सांगून ठेवलं होतं की मी काही बरळले तर ऐकू नको. पित्ताची पिशवी आक्रसून आतड्याला घट्ट चिकटली होती. डॉक्टरांनी ती बोटानं हळूहळू सोडवली, तेव्हा मधलं भोक सापडलं. बोटाचं टोक जाईल एवढं. पिशवी काढली, आत आणखी एक लहान खडा निघाला. आतड्याचं भोक रेशमाच्या दोऱ्यानं दोन पदरी शिवलं आणि पोटातलाच चरबीचा पडदा ओढून वरून ठिगळ लावलं. हे सगळं डॉक्टरांनी नंतर तातेरावांना पंच्याला गाठ मारून दाखवलं, आणि तातेरावांनी हिंगोलीत भेटेल त्याला.

पाच दिवस फार वाईट गेले. टाके धरतील की उसवतील हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. मनकर्णेच्या ओठांवर ओला कापूस फिरवायचा आणि वाट बघायची, एवढंच हातात होतं. सहाव्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशी पेजेत मीठ कमी म्हणून तिनं बेबीबाईला सुनावलं आणि डॉक्टर म्हणाले की आता काळजी नाही.

मधल्या दिवसांत किसनराव गावाकडे एक चक्कर मारून आले होते. तातेरावांच्या तोंडून गोष्ट पोचायच्या आत आपण सांगावी, असं त्यांच्या मनानं घेतलं. पारावर चार माणसं जमवून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काही सोडलं नाही. म्हणतात, त्यानंतर डोंगरकड्यात दोन दिवस चुळा भरल्याचा आवाज येत होता. पण एकजणही भांडायला आला नाही, कारण भांडायचं तर आपण काय प्यालो ते मोठ्यानं सांगावं लागलं असतं.

शालूबाई मात्र हिंगोलीला आली. खाटेजवळ उभी राहिली आणि पदरातून जवारीच्या लाह्या काढून ठेवल्या.

"मी तीनदा पेले," ती म्हणाली.

मनकर्णेला हसू आवरेना. टाके ओढले, डोळ्यांत पाणी आलं, तरी आवरेना. दोन्ही हातांनी पोट धरून ती हसत राहिली. शालूबाईनं आधी तोंड फिरवलं, मग तिलाही फुटलं, आणि दोघी मिळून इतक्या हसल्या की बेबीबाईनं शालूबाईला बाहेर काढलं. जाताना ती दारातून म्हणाली की लवकर ये, गावात भांडायला कोणी धड बाई न्हाई.

दहाव्या दिवशी टाके निघाले. दुपारी तातेराव गाडीची सोय बघायला गेले आणि किसनराव स्टूल ओढून खाटेपाशी बसले. बराच वेळ खाकरले. एकदा खाटेच्या पायाकडे पाहिलं. मग मान वर करून त्यांनी मनकर्णेला विचारलं, "दुखतंय का, पोरी?"

जिच्यापुढे बाजार गप्प व्हायचा ती मनकर्णा गप्प झाली. मग ती बोलू लागली. थोरल्या लेकीच्या लग्नात पहिली कळ आली तिथपासून. कोणत्या सणाला कशी आली, दळताना जात्यावर कशी पडली, ताटावरून कितीदा उठली. रडत होती, मधेच हसत होती, आणि बोलत होती. डाग देताना विळा लाल झालेला बघून काय वाटलं तेही तिनं सांगितलं. विळा तापवायला सांगणारे समोरच बसले होते, पण तिनं काही वगळलं नाही. किसनराव मान खाली घालून ऐकत होते. बेबीबाई दोनदा येऊन गेली.

"चुकलं माझं," सगळं ऐकल्यावर ते म्हणाले. "एवढं दुखत व्हतं, तर मला काहून सांगितलं न्हाई?"

मनकर्णेनं पदरानं डोळे पुसले.

"तुमी आज इचारलं, मामंजी."

किसनरावांनी स्टूल आणखी थोडं जवळ ओढलं.

"मंग आता सांग. दुखतंय का?"

"व्हय," ती म्हणाली, आणि बोट ठेवून नेमकी जागा दाखवली.